डोक्याला ताप

१४ मे २०२३, रविवार. अमिताभ बच्चन यांनी इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला. पुढे पिवळा टी-शर्ट, अर्धी चड्डी आणि टोपी घातलेला मोटरसायकलस्वार, मागे ऐंशी वर्षांचे बच्चनसाहेब. सोबतच्या मजकुराचा आशय असा, की गड्या, मी काही तुला ओळखत नाही, पण न सुटणाऱ्या ट्रॅफिकमधून तू मला कामाच्या ठिकाणी लवकर पोचवलंस, तुझे आभार. यात भारावून जाण्यासारखं बरंच होतं. एवढा मोठा माणूस, एवढं वय, तरी शूटिंगला वेळेवर पोचण्याची ही तळमळ! लोक भारावून जायला तयारही होते. तेवढ्यात कुणीतरी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि मोजदाद केली. डोकी दोन, हेल्मेट शून्य.

दुसऱ्या दिवशी जुहूला रस्त्यावर झाड पडलं. वाट अडली म्हणून अनुष्का शर्मा गाडीतून उतरल्या आणि आपल्या अंगरक्षकाच्या मागे मोटरसायकलवर बसून गेल्या. इथेही डोकी दोन, हेल्मेट शून्य. चोवीस तासांत चार उघडी डोकी, त्यातली दोन अखिल भारतीय कीर्तीची. नागरिकांनी दोन्ही प्रकरणं मुंबई पोलिसांच्या दारात नेऊन ठेवली. पोलिसांनी उत्तर दिलं, की वाहतूक शाखेला कळवलं आहे. ज्यानं कधी खड्ड्याची, गटाराच्या उघड्या झाकणाची किंवा रात्री बारानंतरच्या डीजेची तक्रार केली आहे, त्याला हे वाक्य पाठ असतं. संबंधित विभागाकडे पाठवलेली तक्रार ही सासरी पाठवलेल्या मुलीपेक्षाही दूर जाते. पण या खेपेला चमत्कार झाला. वाहतूक शाखेनं खरोखर कारवाई केली आणि कलमांसकट जाहीर केली.

अंगरक्षकाला दंड झाला १०,५०० रुपये. हेल्मेटचं कलम तर होतंच, शिवाय वाहन परवान्यासंबंधीची दोन कलमं होती, आणि रकमेला वजन आलं ते त्या दोनांमुळे. ज्याचं कामच दुसऱ्याच्या जिवाला जपणं, त्याच्या नावे हे चलन निघावं हा योग मोठा विलक्षण. दंड लगेच भरला गेला.

बच्चनसाहेबांनी मग ब्लॉगवर खुलासा केला, आणि प्रकरण आणखी रंगलं. त्यांचं म्हणणं असं, की ते शूटिंगच होतं. जागा बॅलार्ड इस्टेट, वार रविवार, रीतसर परवानगी घेतलेली, रस्ता मोकळा. स्वार अनोळखी वगैरे कुणी नव्हता, तो युनिटचाच माणूस. आणि मुख्य म्हणजे मोटरसायकल जागची हललीच नव्हती. आपण गंमत म्हणून नुसते बसलो होतो. म्हणजे मुंबईच्या वाहतूक कोंडीतून सुटण्यासाठी जे वाहन पकडलं, ते कोंडीतल्या बाकीच्या वाहनांसारखंच उभं होतं. चलन त्याही दुचाकीचं निघालं. उभ्या मोटरसायकलवर बसायला हेल्मेट लागतं काय, हा कायद्याचा प्रश्न म्हणून मोलाचा आहे. पुण्यात हे घडलं असतं तर त्यावर टिळक स्मारक मंदिरात परिसंवाद झाला असता. मुंबईत तेवढा वेळ कुणाला नाही. पाच-सहा दिवसांनी पोलिसांच्या गाडीजवळ खाली मान घालून उभा असलेला स्वतःचा फोटो बच्चनसाहेबांनी टाकला, त्याखाली ‘अटक’ एवढ्याच अर्थाचा एक इंग्रजी शब्द लिहिला आणि विषयाला पूर्णविराम दिला.

मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून नामवंतांच्या चुकांना शहरात एक राखीव कट्टा मिळाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये वरुण धवन मोटारीच्या खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि शेजारच्या रिक्षातून तशाच अर्ध्या बाहेर आलेल्या चाहतीबरोबर त्यांनी सेल्फी काढला. पोलिसांनी फोटोसकट कान उपटले आणि चलन घरी धाडलं. वरुण यांनी माफी मागितली, गाडी सिग्नलला उभी होती असंही सांगितलं. (सेलिब्रिटींची वाहनं बहुधा उभीच असतात, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आलं असेल.) २०१८ मध्ये कुणाल खेमू विनाहेल्मेट मोटरसायकल चालवताना दिसले, त्यांनाही चलन, त्यांचीही माफी. १४ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे नेमक्या प्रेमदिनी, विवेक ओबेरॉय पत्नीला नव्या मोटरसायकलवरून फिरवून आले. हेल्मेट नाही आणि करोनाच्या काळात मास्कही नाही. हेल्मेटचे पाचशे रुपये आणि मास्कचा गुन्हा वेगळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्तिक आर्यन ‘शहजादा’ प्रदर्शित झाला त्या दिवशी सिद्धिविनायकाच्या दर्शनाला गेले. गाडी भलत्या बाजूला लावली. पोलिसांनी त्यांच्याच चित्रपटांच्या नावांवर कोट्या करत चलन जाहीर केलं. गणपती पावला की नाही ते सांगता येत नाही, वाहतूक शाखा मात्र पावती घेऊन हजर होती.

या सगळ्यांत प्रस्तुत लेखकाचं आवडतं प्रकरण इंदूरचं आहे. तिथे विकी कौशल आणि सारा अली खान यांचं मोटरसायकलवरचं शूटिंग चालू होतं. फोटो फिरले आणि जानेवारी २०२२ मध्ये एका स्थानिक नागरिकानं पोलिसांत धाव घेतली, की नट ज्या गाडीवर बसला आहे तिचा नंबर माझ्या गाडीचा आहे. भानगड गंभीर. पोलिसांनी चौकशी केली, नंबरप्लेट तपासली आणि छडा लावला. प्लेट बसवायला जो बोल्ट मारला होता तो बरोबर एका आकड्यावर आला होता, त्यामुळे ‘१’ हा आकडा ‘४’ दिसत होता. इंग्रजी आकड्यांत हे सहज घडतं. गुन्हा नाही, आरोपी नाही, एक बोल्ट!

आता यात नागरिकांचं चुकलं काय? काहीच नाही. पोलिसांचं तर अजिबात नाही. नियम सर्वांना सारखा, आणि नटाला पावती फाडली तर इतरांना वचक बसतो, हे तर्काला धरून आहे. फक्त वचक बसल्याचं कुठे दिसत नाही. ज्या सोसायटीत प्रस्तुत लेखक राहतो, तिथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो बच्चनसाहेबांचा फोटो सकाळपासून चार वेळा आला. ‘मोठ्या लोकांनीच असं केलं तर तरुण पिढीनं कुणाचा आदर्श ठेवायचा?’ असा सवाल एका काकांनी टाकला आणि खाली सतरा अंगठे उमटले. नंतर ते काका स्कूटर काढून दूध आणायला निघाले. हेल्मेट डिकीत होतं. विचारलं तर म्हणाले, “अहो, इथेच तर जायचंय.”

या देशात बहुतेकांना इथेच जायचं असतं. लांब कुणीच जात नाही.

खरं तर नटांना हेल्मेट घालायला लावणं हा त्यांच्या धंद्यावरच घाला आहे. ज्या चेहऱ्याचे निर्माता पैसे मोजतो, तो झाकायचा कसा? म्हणून हिंदी सिनेमातली मोटरसायकल कायम उघड्या डोक्यानं पळाली. ‘शोले’त (१९७५) जय-वीरूची साइडकार पळाली, ‘मुकद्दर का सिकंदर’च्या (१९७८) शीर्षकगीतात बच्चन मुंबईच्या रस्त्यांवरून केस उडवत गेले. ‘अंदाज’ची (१९७१) गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. राजेश खन्ना हेमा मालिनीला मागे बसवून गात सुटतात ते गाणं पन्नास वर्षं लोकांच्या तोंडी आहे. त्याच चित्रपटात पुढे राजेश खन्नांचं पात्र मोटरसायकलच्या अपघातात मरतं. दिग्दर्शकानं कार्यकारणभाव इतका स्वच्छ मांडूनही प्रेक्षकांनी गाणं उचललं आणि अपघात थेटरातच ठेवून आले. हेल्मेट नियमानं वापरणारी मंडळी पुढे ‘धूम’मध्ये (२००४) दिसली. ते दरोडेखोर होते.

पुण्याचं नाव आतापर्यंत एकदाच आलं, हे पुणेकर वाचकांना खटकलं असेल. तर पुणे. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हेल्मेटच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. शहर पेटून उठलं. पाणी, कचरा, पीएमपी यांवर जे एकमत होऊ शकलं नाही, ते हेल्मेटवर झालं. हेल्मेट सक्तीविरोधी कृती समिती होतीच, मोर्चा निघाला, निवेदनं गेली. भूमिका अशी, की आमचा हेल्मेटला विरोध नाही, सक्तीला आहे. हे वाक्य इतकं निर्दोष आहे की त्यावर बोलायला जागाच उरत नाही. पुरवणी मुद्दे होतेच: मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, उन्हात डोकं शिजतं, ठेवायचं कुठे. आणि हुकमाचा एक्का म्हणजे, लक्ष्मी रोडला गाडी वीसच्या पुढे जातच नाही, मग हेल्मेट हवं कशाला?

जून २०१९ मध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली आणि शहराच्या हद्दीत हेल्मेटची कारवाई थांबवण्याचे आदेश निघाले. विधानसभेची निवडणूक त्याच ऑक्टोबरात होती. हा निव्वळ योगायोग समजावा.

लक्ष्मी रोडच्या त्या एक्क्याबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण तो शास्त्रीय वाटतो. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी अगदी उभी असली आणि तो आडवा होऊन डोक्यावर पडला, तरी दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगानं आदळते. आठवी-नववीच्या विज्ञानाचं गणित आहे, घरी करून पाहावं. म्हणजे लक्ष्मी रोडवरचा वीसचा वेग वाहनाचा वेगळा आणि डोक्याचा वेगळा. त्या हिशेबानं बॅलार्ड इस्टेटमधल्या त्या उभ्या मोटरसायकलचं चलनही शास्त्राला धरूनच होतं.

विरोधाची ही परंपरा आपलीच आहे असा अभिमान कुणी बाळगू नये. रस्त्यावरच्या हेल्मेटसक्तीची गोष्ट सुरू होते तीच मुळी एका सेलिब्रिटीपासून. टी. ई. लॉरेन्स, अर्थात लॉरेन्स ऑफ अरेबिया, म्हणजे त्या काळातलं वर्तमानपत्रांचं लाडकं नाव. वेगाचं वेड, दिमतीला ब्रफ सुपीरियर ही त्या काळची महागडी मोटरसायकल. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याला ते मरण चटका लावून गेलं. त्यानं मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले, आणि ब्रिटिश लष्करानं आपल्या निरोप्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य जनतेसाठी मात्र ब्रिटनमध्ये हा कायदा यायला १९७३ उजाडलं. बत्तीस वर्षं! पुण्यानं उगाच न्यूनगंड घेऊ नये.

कायदा आला तसा तिथेही विरोध आला. फ्रेड हिल नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक हेल्मेटऐवजी बेरेट टोपी घालून मोटरसायकल चालवत, दंड भरायला नकार देत आणि तुरुंगात जात. असे ते पुन्हा पुन्हा गेले. १९८४ मध्ये शिक्षा भोगत असतानाच वारले. निवृत्त शिक्षक, विषय गणित, हट्ट तत्त्वाचा. सदाशिव पेठेतला एक जन्म कुठेतरी पत्ता चुकला असावा.

नामवंतांच्या मृत्यूनंतरच नियम आठवण्याची सवय आपल्याकडेही आहे, आणि इथे थट्टा बाजूला ठेवावी लागते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्री आणि त्यांच्या सहप्रवाशानं पट्टा लावला नव्हता, दोघेही गेले. मागच्या सीटवर पट्टा लावण्याचा नियम त्याआधीपासून पुस्तकात होता. पण ‘मागे पण लावायचा असतो?’ हा प्रश्न देशभर त्या आठवड्यात विचारला गेला. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही पट्टा लावण्याची सक्ती जाहीर केली. मध्यंतरी नितीन गडकरी यांनी एका कार्यक्रमात सांगितलं, की आपण चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांतून पुढे बसून गेलो, नावं विचारू नका, आणि पट्टा न लावताही गाडीनं टुंग-टुंग करू नये म्हणून तिथे क्लिप खोचून ठेवली होती. गडकरी हे नागपूरचे असल्यानं एवढं स्पष्ट बोलू शकले. त्या क्लिपा ऑनलाइन खुलेआम मिळत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या. गाडीच्या किमतीत आलेली सुरक्षितता बंद पाडायला वेगळे पैसे मोजणारा समाज हौशीच म्हटला पाहिजे.

मिस्त्री गेले त्याच सप्टेंबरात अक्षय कुमार यांची सहा एअरबॅगांची सरकारी जाहिरात आली. नवरी सासरी निघाली आहे, बापानं दिलेल्या गाडीत दोनच एअरबॅगा आहेत, आणि पोलिसाच्या वेशातले अक्षय कुमार त्या बापाला टोमणा मारतात. देशानं पाहिली आणि एकमुखानं विचारलं, ही जाहिरात एअरबॅगांची की हुंड्याची? चर्चा आठवडाभर चालली. एअरबॅगा त्यात कुणाला आठवल्या नाहीत.

सचिन तेंडुलकरचं तसं नाही. त्यानं हा विषय मनावर घेतला होता. एप्रिल २०१७ मध्ये गाडीतून जाताना शेजारून दुचाकीवर आलेल्या चाहत्यांना काच खाली करून त्यानं हेल्मेट घालायला सांगितलं, वर वचन घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळमध्ये मागे बसलेल्या बायकांना विचारलं, की चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे, मग तुमच्या डोक्यावर का नाही? या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. दुचाकी पडते तेव्हा नवरा आणि बायको एकदमच पडतात, हे लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्यांनाही सांगावं लागतं. मुंबईत मागे बसणाऱ्याला हेल्मेटची सक्ती जून २०२२ पासून अमलात आली. राज्यभर या नियमाकडे नीट पाहा, असा आदेश वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयातून नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाला, आणि ई-चलनाच्या यंत्रात चालवणारा व मागचा यांची नोंद वेगळी होऊ लागली. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९ मात्र दोघांनाही आधीपासूनच लागू आहे.

आता आकडे, कारण त्यावाचून हा सगळा मजेचा मामला वाटेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. ३५,६९२ चालवणारी, १४,३३७ मागे बसलेली. म्हणजे दिवसाला सरासरी १३७. यांतल्या कुणाचाही फोटो मोठा करून कुणी पोलिसांना टॅग केला नव्हता. हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर आहे. केस गळण्याचे आकडे मात्र कुणी ठेवलेले नाहीत.

मराठी माणूस हेल्मेट घेत नाही असं अर्थातच नाही. घेतो. आरशाला अडकवतो, कोपरात घालतो, टाकीवर ठेवून त्यात कोथिंबीर आणतो. पुढच्या चौकात मामा दिसला की सिग्नलच्या आधी पन्नास पावलांवर ते डोक्यावर चढतं आणि चौक ओलांडला की उतरतं. त्यासाठी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली खास हेल्मेटं मिळत. प्लॅस्टिकची, वाटीएवढी, पोलिसांपुरती. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. दोरी अजून कुठे कुठे दिसते. पकडले गेलेच तर महाराष्ट्रात दंड ५०० रुपये आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. पण चलन मोबाइलवर येतं, मोबाइल खिशात असतो, आणि लोक अदालत लागली की तडजोड होते हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. थकलेली चलनं घेऊन लोक अदालतीच्या रांगेत उभं राहणं हा नवा सण झाला आहे.

नटांच्या मागे लागायला हरकत नाही, ते चलन भरू शकतात आणि माफीही बरी मागतात. पण त्यांचं उघडं डोकं दिसल्यावर आपल्याला जी चीड येते, तिचा दहावा हिस्सा घरातल्या शू-रॅकवर पडलेल्या हेल्मेटकडे वळवायला हवा. एक गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते: कलम १२९ मध्ये हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवलेलं चालत नाही, ते पट्ट्यानं घट्ट बांधलेलं असावं लागतं. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपटल्यावर डोक्याच्या आधी निसटून रस्त्यावर पोचतं. तेव्हा दूध आणायला जाताना हनुवटीखालचा तो पट्टा लावा, आणि मागे बसणाऱ्या माणसासाठी आयएसआयचं दुसरं हेल्मेट या रविवारी विकत आणा.